परवाना नाही, पावती आहे

२९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाला जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचे प्राण गेले. (या स्थानकाचे नाव पुढे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले.) पूल अरुंद होता, पावसाची जोरदार सर आली होती, भिजू नये म्हणून माणसे जिन्यावरच थांबली होती आणि मागून लोकलमधून उतरणाऱ्यांचे लोंढे येतच होते. गिरण्या जाऊन कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले तरी पूल मात्र गिरण्यांच्या काळातलाच राहिला, ही या दुर्घटनेची खरी कहाणी. परंतु पुढच्या काही आठवड्यांत जनक्षोभाचा रोख पुलावरून सरकला आणि स्थानकाबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्यावर आला. ठिकठिकाणी फेरीवाल्यांना मारहाण झाली, माल रस्त्यावर उधळला गेला. १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळे यांपासून १०० मीटर अंतरात विक्रीस मज्जाव असल्याचे पुन्हा एकदा स्पष्ट केले. काही दिवस स्थानकांचे परिसर मोकळे दिसले. नंतर ते पूर्ववत झाले, हे मुंबईकराला सांगण्याची आवश्यकता नाही.

ते पूर्ववत का होतात? केवळ 'फेरीवाल्यांची मुजोरी' एवढ्या उत्तराने समाधान मानायचे असेल तर पुढचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. मात्र ज्या प्रश्नावर १९८५ पासून सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा निकाल दिले, ज्यावर दोन राष्ट्रीय धोरणे आणि संसदेचा एक स्वतंत्र कायदा झाला, तो प्रश्न अद्याप पदपथावरच का बसून आहे, याचा शोध घ्यायचा तर पालिकेच्या परवाना विभागाच्या दारातून आत डोकवावे लागते.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्याचे कलम ३१३-अ सार्वजनिक जागी माल विकण्यासाठी परवाना आवश्यक ठरवते. कलम ३१३-ब हे रस्त्यावर बसून हस्तकौशल्य वा सेवा पुरवणाऱ्यांसाठी, म्हणजे चांभार, न्हावी, कुलपे दुरुस्त करणारा अशांसाठी आहे. कलम ३१४ अन्वये आयुक्तांना विनापरवाना मांडलेला माल पूर्वसूचनेशिवाय उचलण्याचा अधिकार मिळतो. कागदावर व्यवस्था चोख आहे: परवाना घ्या, शुल्क भरा, अटी पाळा, न पाळाल तर माल जप्त. अडचण एकच आणि ती मूलभूत. १९७८ च्या सुमारास मुंबई महापालिकेने नवे परवाने देणे जवळजवळ थांबवले. त्यानंतर शहर कित्येक पटींनी वाढले, गिरण्या बंद पडल्या, उपनगरे विरार-कर्जतपर्यंत पसरली. 'परवाना घ्या' म्हणणारे कलम तसेच राहिले आणि परवाना देणारी खिडकी तेवढी बंद झाली.

बंद खिडकीसमोरची रांग कधीच आटत नाही, ती फक्त बाजूच्या दाराकडे वळते. १९९८ मध्ये टाटा समाज विज्ञान संस्था आणि 'युवा' यांनी पालिकेसाठी मोजणी केली, तेव्हा पालिकेच्या जागांवर सुमारे १ लाख २ हजार फेरीवाले आढळले. परवानाधारक त्यातले मूठभरच. मग उरलेल्यांचे काय? तर मधली काही वर्षे पालिकेनेच त्यांच्याकडून रोजची रक्कम घेऊन पावती दिली. परवाना नाही, पण पावती आहे! ती पावती म्हणजे बसण्याची परवानगी नव्हे, असेही त्याच वेळी सांगितले जात असे. सकाळी पालिकेचा कर्मचारी पैसे घेऊन पावती फाडणार आणि दुपारी त्याच पालिकेची गाडी येऊन टोपली उचलणार, यात विसंगती आहे असे कोणाला वाटले नाही, कारण दोन्ही कामांची खाती वेगळी होती. पुढे पावतीची पद्धत बंद झाली. पैसे देणे मात्र बंद झाले नाही. पावती मिळणे तेवढे बंद झाले.

यालाच मुंबईच्या बोलीत हप्ता म्हणतात. हप्ता ही केवळ नैतिक घसरण नाही, ती एक समांतर करव्यवस्था आहे. जो माणूस कायद्याने अस्तित्वातच नाही, त्याला उद्या सकाळी त्याच जागी बसता येईल याची हमी कायदा देऊ शकत नाही. ती हमी दुसरे कोणीतरी विकते. गाडी केव्हा येणार हे आधी सांगणारा, जप्त माल सोडवून आणणारा, जागेवरून भांडण झाले तर निवाडा करणारा असा एक मध्यस्थ प्रत्येक स्थानकाबाहेर उभा राहतो. कालांतराने तोच जागांचा मालक होतो. आज अनेक ठिकाणी गाडीवर उभा असलेला पोरगा रोजंदारीवर असतो. गाडी एकाची, जागा दुसऱ्याची आणि आशीर्वाद तिसऱ्याचा. गरिबाच्या नावाने चाललेल्या या व्यवहारात गरिबाच्या हाती येते ते फक्त उन्हात उभे राहणे. सरकारी नोकराने खाल्लेला पैसा पकडणे किती दुष्कर असते हे सांगण्यासाठी कौटिल्याने पाण्यातल्या माशाचा दाखला दिला होता. त्याच कौटिल्याने बाजारावर पण्याध्यक्ष आणि संस्थाध्यक्ष असे स्वतंत्र अधिकारी नेमण्याची, त्यांची कर्तव्ये नेमून देण्याची, वजनमापे तपासण्याची व्यवस्था सांगितली. बाजार वाऱ्यावर सोडला की तो मुक्त होत नाही, तो कोणाच्या तरी मुठीत जातो, हे त्या काळीही माहीत होते.

न्यायालये काय म्हणाली?

या विषयावर बोलताना दोन टोकांची विधाने हमखास ऐकू येतात. एक, 'रस्त्यावर बसणे हा गुन्हाच आहे.' दुसरे, 'पोटासाठी कोठेही बसण्याचा हक्क घटनेने दिला आहे.' सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही विधाने मान्य केलेली नाहीत. बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की, रस्ता प्रामुख्याने येण्याजाण्यासाठी आहे. तथापि पालिकेने विक्रीसाठी क्षेत्रे आखून द्यावीत. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात घटनापीठाने आणखी एक पाऊल टाकले. पदपथावर व्यापार करणे हा अनुच्छेद १९(१)(छ) खालील व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण अमुकच जागी बसेन असा हक्क कोणालाही सांगता येणार नाही, असा तो निर्वाळा होता. २००३ मध्ये महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या प्रकरणात तर न्यायालयाने पालिकेच्या अधिकाऱ्याने करावयाचे काम स्वतःच केले: पदपथाच्या एका बाजूस एक मीटर बाय एक मीटर जागा, स्थानके आणि मंडया यांपासून १५० मीटर अंतर, रस्त्यावर अन्न शिजवण्यास मनाई, वेळेची मर्यादा. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला पदपथावरची वीत-वीत जागा मोजावी लागावी, याहून नगर प्रशासनाच्या अपयशाचा मोठा पुरावा कोणता असू शकतो? २०१० मध्ये गैंदा राम प्रकरणात न्यायालयाने शासनाला मुदत घालून कायदा करण्यास सांगितले आणि त्यानंतर पथविक्रेता (उपजीविकेचे संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम संसदेत आला. राज्यसभेने तो फेब्रुवारी २०१४ मध्ये संमत केला आणि १ मे २०१४ पासून तो लागू झाला. संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारच्या अखेरच्या दिवसांतला हा कायदा आहे. चांगल्या कायद्याचे श्रेय विरोधकाला जाते म्हणून तो वाईट ठरत नाही.

हा कायदा फेरीवाल्यांना मोकळे रान देणारा आहे असा जो समज मध्यमवर्गात पसरला आहे, तो कायदा न वाचता पसरलेला आहे. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे. पात्र विक्रेत्यास पथविक्री प्रमाणपत्र द्यावे. त्याने उपजीविकेचे दुसरे साधन नसल्याचे आणि स्वतः अथवा कुटुंबीयांमार्फतच धंदा करणार असल्याचे हमीपत्र द्यावे. प्रमाणपत्र भाड्याने अथवा विकत देता येऊ नये, अशा त्याच्या अटी आहेत. ही शेवटची अट नीट वाचली तर लक्षात येते की कायद्याचा नेम थेट जागांच्या दलालावर आहे. विक्रेत्यांची कमाल संख्या प्रभागाच्या अथवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के इतकी ठरवली आहे. हलवायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल मागणी आल्यावर त्याच दिवशी आणि अन्य माल दोन कामकाजी दिवसांत परत करावा लागतो. नियम मोडल्यास दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि या सगळ्याच्या केंद्रस्थानी पालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समिती आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांपैकी एक तृतीयांश महिला, शिवाय किमान दहा टक्के सदस्य सामाजिक संस्थांमधले. वाहतूक विभाग, पोलीस, व्यापारी संघटना, रहिवासी संघ यांनाही स्थान आहे.

कायद्यात उणिवा नाहीत असे नाही. विक्रेते आणि ग्राहक परंपरेने जेथे जमतात अशा 'नैसर्गिक बाजारा'ला विक्री-निषिद्ध क्षेत्र ठरवता येणार नाही, असे त्याची अनुसूची म्हणते. मुंबईत सर्वांत नैसर्गिक बाजार कोठे भरतो? रेल्वे स्थानकाच्या दाराशी. आणि नेमके तेथेच न्यायालयाचे १५० मीटरचे बंधन आहे. हा पेच सोडवण्याची जागा न्यायालय नव्हे, ती समिती होती. कोणत्या स्थानकाबाहेर दहा फूट मोकळे सोडून बाजार बसू शकतो आणि कोठे एकही टोपली चालणार नाही, हे त्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या माणसालाच कळते. कुर्ल्याचा नियम मुलुंडला लावून चालत नाही.

मग समितीचे काय झाले? मुंबईत २०१४ च्या मोहिमेत सुमारे ९९ हजार अर्ज आले. महाराष्ट्राचे नियम २०१६ मध्ये झाले, योजना २०१७ मध्ये आली. पालिकेने जागांची यादी प्रसिद्ध केली तेव्हा हरकतींचा पाऊस पडला आणि यादी आक्रसत गेली. विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला आणि मतदार यादीत नावे होती सुमारे ३२ हजार. कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षे! ज्या कायद्याने दर पाच वर्षांनी सर्वेक्षण सांगितले, त्याच्या पहिल्याच सर्वेक्षणाचा हिशेब लागायला पाच वर्षांची दोन आवर्तने गेली. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. अडीच टक्क्यांनी हिशेब केल्यास ३ लाख ११ हजार होतात. म्हणजे अर्जदारांची संख्या मर्यादेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती. तेव्हा 'इतक्यांना सामावणार कोठे' हा युक्तिवाद निदान कायद्याच्या आकड्यांवर टिकत नाही.

या दिरंगाईचे खापर केवळ नोकरशाहीवर फोडून स्वस्थ बसता येणार नाही. मुंबई महापालिकेत दीर्घकाळ युतीची सत्ता होती. ठाणे, पुणे, नागपूर येथेही राष्ट्रवादी विचाराचे नगरसेवक मोठ्या संख्येने निवडून आले. त्यांच्यापैकी किती जणांनी सभागृहात पथविक्रेता समितीचा प्रश्न लावून धरला? अतिक्रमण निर्मूलनाच्या गाडीसमोर उभे राहून छायाचित्र काढून घेणे सोपे असते. प्रभागातील विक्रेत्यांची यादी विभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावायला भाग पाडणे हे कंटाळवाणे काम आहे, त्यात टाळ्या नाहीत. शिवाय यादी लागली की हप्ता थांबतो, ही बाबही अनेकांना अडचणीची असू शकते.

दीनदयाळांचा 'अंत्य' कोण?

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शनाची मांडणी करणारी व्याख्याने एप्रिल १९६५ मध्ये याच मुंबईत दिली. रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत विकास पोहोचला की नाही, ही त्यांची कसोटी होती. तो शेवटचा माणूस दुर्गम पाड्यावर असतो अशी सोयीस्कर समजूत शहरी कार्यकर्त्याच्या मनात घर करून बसलेली असते. तो सोसायटीच्या फाटकाबाहेर पालेभाजीच्या जुड्या बांधत बसलेला असतो, हे मान्य केले तर त्याच्याशी घासाघीस करण्यापलीकडे काही करावे लागते.

दत्तोपंत ठेंगडी यांनी याची तात्त्विक बाजू फार पूर्वी स्पष्ट केली होती. साम्यवादाला मालक आणि मजूर हे दोनच वर्ग दिसतात, भांडवलशाहीला गुंतवणूकदार आणि ग्राहक हे दोनच दिसतात. परंतु स्वतःचे अवजार, स्वतःचे कौशल्य आणि कुटुंबाचे श्रम यांवर उभा असलेला स्वयंरोजगारी माणूस या दोन्ही चौकटींत बसत नाही. ठेंगडी त्याला विश्वकर्मा क्षेत्र म्हणत. भारतीय मजदूर संघाने विश्वकर्मा जयंतीला राष्ट्रीय श्रम दिवस मानले, त्यामागे हीच भूमिका होती. पथविक्रेता हा या क्षेत्राचा शहरातला सर्वांत ठळक प्रतिनिधी. तो कोणाकडे नोकरी मागत नाही. डाव्या संघटनांनी त्याला संघटित केले, हे नाकारता येणार नाही. पण त्याला 'सर्वहारा' म्हणून मोर्च्यात उभे करताना तो मुळात एक छोटा व्यापारी आहे, पहाटे बाजार समितीत जाऊन स्वतःच्या जोखमीवर माल उचलणारा उद्योजक आहे, याचा विसर पडला. आणि मॉलसंस्कृतीच्या उपासकांना तो केवळ कुरूपता वाटला. परदेशी भांडवलावर चालणारी साखळी दुकाने आणि आता दहा मिनिटांत घरपोच भाजी देणाऱ्या कंपन्या त्याच गल्लीतला धंदा ओढून नेत असताना, स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्यांनी 'पदपथ मोकळे करा' एवढीच मागणी करत राहावे, हे विसंगत आहे.

२०१७ मध्ये आणि त्यापूर्वीही या प्रश्नाला प्रांताचा रंग देण्यात आला. फेरीवाला परप्रांतीय म्हणून तो हटवावा, असा तो सूर. स्थानिक माणसाला प्राधान्य मिळावे ही मागणी समजण्यासारखी आहे आणि महाराष्ट्राच्या योजनेत अधिवासाची अट घालण्यातही आली. परंतु जौनपूरचा किंवा दरभंग्याचा माणूस मुंबईच्या पदपथावर परका ठरत असेल, तर एकराष्ट्रीयत्वाचे बौद्धिक ऐकण्यात अर्थ उरत नाही. मराठी तरुणाने या धंद्यात उतरावे असे वाटत असेल तर त्याला मारहाणीच्या मोर्च्यापेक्षा प्रमाणपत्र, शीतगृहातली जागा आणि खेळते भांडवल यांची गरज आहे. खेळत्या भांडवलाची सोय निदान झाली आहे. जून २०२० मध्ये, टाळेबंदीने गाड्या उलथ्या पडल्या असताना, प्रधानमंत्री स्वनिधी योजना सुरू झाली. विनातारण दहा हजारांपासून प्रारंभ, वेळेवर फेडल्यास पुढचे मोठे कर्ज आणि व्याजात सात टक्के अनुदान. २०२५ मध्ये योजनेला २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि पहिला हप्ता १५ हजार झाला. देशभरात ६८ लाखांहून अधिक विक्रेत्यांनी तिचा लाभ घेतला. सावकाराकडून सकाळी घेऊन संध्याकाळी व्याजासकट फेडण्याच्या चक्रातून सुटण्याचा हा खराखुरा मार्ग आहे. मात्र येथेही तीच विचित्र स्थिती: ज्याला बँक ओळखते, केंद्र शासन ओळखते, त्याला त्याच्या गल्लीतली महापालिका ओळखत नाही. स्वनिधीतून घेतलेली गाडी पालिकेचे पथक उचलून नेऊ शकते.

मध्यमवर्गीय कुटुंबाचे या बाबतीतले वागणेही तपासण्याजोगे आहे. संध्याकाळी स्थानकाबाहेर कोथिंबीर घेऊन घरी जायचे आणि रविवारी सोसायटीच्या बैठकीत फेरीवाल्यांविरुद्ध ठरावावर सही करायची, हे सर्रास घडते. अर्थात रहिवाशांचा त्रास खोटा नाही. ज्येष्ठ नागरिकाला पदपथ सोडून वाहतुकीत उतरावे लागते, रुग्णवाहिका अडकते, कचरा तसाच पडतो. या तक्रारी रास्तच आहेत आणि 'गरीब आहेत, चालायचेच' म्हणून त्या उडवून लावणे हा गरिबांचाही अपमान आहे. परंतु त्यांचे उत्तर गाडीवाल्याला दरमहा हाकलण्यात नाही. त्याला मोजून, क्रमांक देऊन, रेषेत बसवण्यात आहे. ज्याच्यापाशी प्रमाणपत्र आहे त्याला ते गमावण्याची धास्ती असते, म्हणून तो कचरा उचलतो आणि रेषेबाहेर येत नाही. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याला कोणत्या अटीची भीती घालणार?

समितीत रहिवासी संघांसाठी आणि सामाजिक संस्थांसाठी ज्या जागा आहेत, त्या कोणी तरी भरतोच. शाखेच्या, सेवा वस्तीच्या, ग्राहक पंचायतीच्या कामात वर्षानुवर्षे घालवलेल्या कार्यकर्त्याला आपल्या विभागातील गल्लीन् गल्ली ठाऊक असते. कोणती गाडी विधवेची आणि कोणती दलालाची हे त्याला विचारावे लागत नाही. या ज्ञानाला समितीच्या टेबलावर किंमत आहे, मात्र त्यासाठी विभाग कार्यालयात वेळेवर जाऊन अर्ज द्यावा लागतो.

एका गटाकडे तर कोणाचेच लक्ष गेलेले नाही. गणेशोत्सवाच्या आदल्या दोन दिवसांत दादरच्या रस्त्यांवर पालघर, जव्हार, शहापूर या बाजूंच्या वनवासी भगिनी दूर्वा, केवडा, केळीची पाने घेऊन बसतात. दसऱ्याला त्याच आपट्याची पाने आणतात, श्रावणात रानभाज्या. पहाटेच्या गाडीने यायचे, रात्र पदपथावर काढायची आणि माल संपला की परतायचे. प्रत्येक हिंदू घरातली पूजा त्यांच्या टोपलीवर अवलंबून असते. वर्षातले आठ-दहा दिवस येणाऱ्या या बायांचे नाव शहराच्या सर्वेक्षणात येणे कठीण, आणि जप्तीची गाडी त्यांच्याही टोपल्या उचलते. कायद्याने स्थिर आणि फिरते यांखेरीज विक्रेत्यांचे अन्य प्रकार ठरवण्याची मुभा योजनेला दिलेली आहे. सणापुरता परवाना हा त्यातला एक होऊ शकतो. रस्ता ठरवायचा, एका बाजूने चुन्याची रेघ मारायची, पाण्याचा टँकर आणि फिरते शौचालय उभे करायचे, आणि टोपलीमागे ठरावीक शुल्क घेऊन छापील पावती द्यायची. विभाग कार्यालयाने मनावर घेतले तर एका दुपारचे काम आहे.